वर्णनाप्रमाणे नाही

"साइटने पैसे अडकवून ठेवलेत," मुलगी म्हणाली आणि तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "एका गिऱ्हाइकाने तक्रार केलीय. माल वर्णनाप्रमाणे नाही, म्हणे."

त्याने चष्मा शोधण्याचं निमित्त केलं. त्यांचं दुकान ऑनलाइन होतं आणि त्यात माल एकच होता, 'आईच्या गोष्टी'. पैसे भरायचे, ऑडिओ फाइल उतरवून घ्यायच्या आणि पोरांना ऐकवत झोपवायचं. तो स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करायचा. एके काळी घरीही माइक लावून बसायचा. बायको मुलीला थोपटत गोष्ट सांगायची आणि तो कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात. मग ती गेली. मुलगी तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती.

"आई गेली," एवढंच त्याने तिला सांगितलं होतं. तेवढ्याशा पोरीला आणखी काय सांगणार?

आता ती कमावती झाली होती. जुनी हार्ड डिस्क उपसताना तिला या फाइल सापडल्या. दुकान तिनेच थाटलं, वर्णनही तिनेच लिहिलं. 'मी लहान असताना आई वारली. तिचा आवाज तेवढा माझ्याकडे उरला.' ते त्याने दोनदा वाचलं. तरी "बरं लिहिलंयस" म्हणून तो मोकळा झाला होता.

"देऊन टाक पैसे परत," तो आता म्हणाला. "कशाला उगाच वाद?"

"पैशांचं नाही, बाबा. हे बघ, सगळ्या फाइल उतरवून घेतल्यात. काही तर दोन-दोनदा. आणि वर तक्रार. यांना काय म्हणायचंय ते कळतंय मला. हा आवाज मशीनने बनवलाय, असं."

"म्हणू दे."

"माझ्या आईला कोणीही खोटी ठरवायचं आणि आपण ऐकून घ्यायचं?"

मुलगी पुरावा शोधू लागली. काटछाट न केलेला एक तुकडा तिने लावला. गोष्ट ऐन रंगात आली असताना बायको शिंकली, आणि कुठवर आलो होतो तेच विसरली. "राक्षस झोपला," एक बारकासा आवाज म्हणाला. दोघी खुदखुदल्या. मग बायकोचा आवाज जरा खाली आला. "अहो, बंद करा ना ते. कधीतरी नुसतेच बसा आमच्याजवळ."

"एक मिनिट," त्याचा स्वतःचा आवाज म्हणाला.

मुलगी हसत डोळे पुसत होती. "हे कुठलं मशीन बनवणार, सांग."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं. त्याच्या ताईचा फोन आला की शेवटी तेच बोलणं निघायचं. "ती कशी गेली ते पोरीला एकदा नीट सांग रे. किती वर्षं पोटात ठेवणार आहेस?" आधी पोर लहान होती म्हणून राहिलं. मग परीक्षा होत्या. मग नवी नोकरी. पुढे पुढे तर, आता इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून राहिलं.

मागे मुलगी टाइप करत होती आणि मोठ्याने वाचतही होती. "मी तिची मुलगी. सोबत पाठवलेला तुकडा ऐका. आवाज माझ्या आईचाच आहे. आता सांगा, वर्णनात काय खोटं आहे?"

"पाठवू नकोस," तो म्हणाला.

"पाठवलं."

तो चहा टाकायला गेला. आधण उकळून उकळून अर्ध्यावर आलं तरी तो तसाच उभा होता. आज सांगायचं, त्याने ठरवलं. तिच्या हातात कप द्यायचा, समोर बसायचं आणि सुरुवात करायची. ती रडेल, चिडेल, कदाचित घर सोडून जाईल. जाऊ दे. आणखी उशीर नको.

दोन्ही कप घेऊन तो बाहेर आला. "जरा ठेव ते बाजूला," तो म्हणाला. "तुझ्या आईबद्दल बोलायचंय."

मुलीने मान वर केली नाही.

"उत्तर आलंय," ती म्हणाली.

"काय म्हणतात?"

तिने एकेक शब्द सुटा करत वाचलं, "गोष्टी माझ्याच आहेत, आवाजही माझाच आहे. फक्त मी वारलेले नाही, बाळा."