तापानं गेलेली सून

“सून तापानं गेली. लिहून घे अन् जा,” धुरपदाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. मी ओट्यावरून हलले नाही. जिल्ह्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवायचं काम मी सात वर्षं करतेय. मला हुसकावणं सोपं नाही.

गावच्या मृत्यूनोंदीत त्यांची सून अश्विनी होती, कारण ताप. शहरातल्या दवाखान्याच्या यादीत याच गावची, याच वयाची इंदुबाला होती, आजार स्तनाचा कर्करोग. पण इंदुबाला नावाची बाई गावात कुणालाच माहीत नव्हती.

“लग्नात सुनेचं नाव बदललं होतं का?” मी विचारलं.

गहू निवडणारा त्यांचा हात थांबला. “मुलानं तांदळात अंगठीनं लिहिलं. नाव मीच निवडलेलं.” मग हळूच म्हणाल्या, “दवाखान्यात तिला तिचा भाऊ घेऊन गेला होता. त्यानं माहेरचंच नाव सांगितलं असेल.”

मी पेन काढलं. त्यांनी माझं मनगट धरलं. “नातीचं लग्न जमायचंय माझ्या. कुणाला कळलं तर?”

“नाव बाहेर कुणाला कळत नाही, आजी. पण नोंदच नसेल तर तपासणीची गाडी या गावात कशाला येईल? नातीला कोण तपासणार?”

 त्या गव्हाचं सूप बाजूला सारून उठल्या आणि पायात चपला सरकवल्या.

“लिही. अन् ये माझ्या मागं. या आळीतल्या आणखी तिघी तापानं गेल्यात.”