हुबेहूब आवाज

ट्रंक कॉलसाठी तासन्‌तास ताटकळलेली बाई मी, आता मोबाईल सराईतपणे वापरते. पण यंत्र कुणाचाही हुबेहूब आवाज काढून लोकांना फसवतं, हे पेपरात वाचल्यापासून कोलकात्यातल्या बेहालाच्या आमच्या फ्लॅटमध्ये फोन वाजला की माझे कान टवकारतात.

माझ्या पंच्याहत्तरीच्या सकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"आजी, मी अर्णव. माझा मोबाईल चार्जिंगला लावलाय, म्हणून मित्राच्या फोनवरून बोलतोय. वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा! आज पथ्य बाजूला ठेव आणि मस्त पुरणपोळी खा."

आवाज अगदी नातवाचा. पण मी चोरी पकडलीच. कोलकात्यात वाढलेला आमचा अर्णव तीन शब्द मराठी बोलून चौथ्याला बंगालीत घसरतो.

"मेल्या, पोलिसांत देईन!" म्हणत मी फोन कट केला आणि लगेच बंगळुरूला, अर्णवच्या स्वतःच्या नंबरावर लावला.

"अरे, तुझा आवाज चोरलाय कुणीतरी! पण मराठी इतकं अस्खलित, की मी तिथंच ओळखलं, हा आमचा अर्णव नव्हे."





"आजी, सहा महिने क्लास लावला होता गं."