रिकामी बोट

"इंजिन बंद करतो साहेब, आपल्या बोटीवर माणूस चढलाय."

"हात लावायचा नाही. मागे जहाज खोळंबलंय."

ही बोट नेहमी रिकामी असायची. रिमोटवाला ती लांबून समुद्रातल्या सुरुंगांवर हाकायचा आणि इंजिनाच्या आवाजाने ते फुटायचे. बुडत्याला काडी पुरते, या मासेमाराला तर अख्खी बोट मिळाली होती. त्याने बाहीने बोटीवरच्या कॅमेऱ्याची काच पुसली आणि हात जोडले.

"काळीज आहे का तुम्हाला?" रिमोटवाला साहेबांच्या अंगावर धावून गेला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "पाच मिनिटांत तुझी पाळी संपतेय. तुला जमत नसेल तर पुढचा बघेल."

रिमोटवाल्याचा आवाज एकदम खाली आला. "आधी सांगायचं ना साहेब." इंजिन तसंच चालू ठेवून त्याने डबा उचलला. "पोरीची शाळा सुटेल, निघायला हवं मला."