उसना आकडा

आपलं काळीज मोजणारी चकती काढून मैत्रिणीच्या छातीला चिकटवायची, असली लबाडी आपलीच नात करील असं हौसाक्कांना वाटलं नव्हतं.

तालमीच्या भिंतीवर छातीवरच्या चकतीवरून प्रत्येकीचा आकडा उमटायचा: हृदयाच्या पेशींवरची पोटॅशियमची दारं शंभरात किती शिल्लक आहेत. नातीच्या, उर्मिलेच्या नावापुढं एक्क्याण्णव होते. वजन उतरवायला पोरगी दोन दिवस पाण्यालाही शिवली नव्हती, आणि आकडा मात्र भरपेट जेवून उठलेल्या माणसाचा. हौसाक्कांची शाळा चौथीत सुटली होती, पण तीस वर्षं त्या पैलवानांना रांधून घालत होत्या. रक्तातलं पोटॅशियम आटलं की पेशी आपली दारं आत ओढून घेते आणि काळीज ठोका चुकतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी तिच्या मैत्रिणीच्या, कविताच्या छातीवरची चकती उपसून उर्मिलेला लावली. भिंतीवर अडतीस उमटले, लालभडक.

"आज्जी, तासाभरात वजन आहे. कुस्ती झाली की नारळपाणी पिते ना."

"आत गेलेली दारं घोटभर पाण्यानं लगेच वर येत नाहीत. दीड दिवस लागतो."

"वर्षाची मेहनत वाया जाईल."

हौसाक्कांनी पंचांना फोन लावून नाव मागं घेतलं आणि नारळ फोडून तिच्या हातात दिला.

"तुला पाडणारी पोर अजून जन्मायचीय. पण आज तुझंच काळीज तुला चीत करणार होतं. पी मुकाट्यानं, आणि पुढल्या खेपेला वरच्या वजनात उतर."