चौदा नंबरच्या रस्त्यावरची खोली

"पाणी किती वेळ असतं?" लेकीने विचारलं.

"चोवीस तास," घरमालकीण म्हणाली.

लेकीचं तोंड उतरलं. दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. पण ती अर्धा तास या खोलीत खोट शोधत होती आणि खोली काही दाद देत नव्हती. भिंती कोरड्या, खिडकी मोठी, टेबल भक्कम. जिना उतरून रस्ता ओलांडला की चौदा नंबरचा थांबा आणि तिथून अठरा मिनिटांत विद्यापीठाचं गेट. मध्ये बस बदलायची नाही. पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माणसाला आणखी काय हवं?

घरून जायला तिला दोन बस आणि एक ट्रेन लागायची. एका बाजूला पावणेदोन तास. प्रबंध आठ महिन्यांत द्यायचा होता आणि लॅबमधली तिची बुरशी सकाळी साडेआठला हजेरी मागायची. गाइडबाईंनी परवा स्पष्टच सांगितलं होतं, "एक तर जवळ राहायला ये, नाहीतर तारीख पुढे ढकल."

म्हणून महिनाभरात तिने सहा खोल्या पाहिल्या. त्यातल्या चार चौदाच्याच रस्त्यावर होत्या आणि चारही तिने नाकारल्या. एकीत उजेड फार येत होता. एकीच्या मालकाच्या मिशा पटल्या नाहीत. बाकीच्या दोन आडबाजूला होत्या, तिथून दोनदा बस बदलावी लागली असती. त्या मात्र तिला हवेशीर वाटल्या होत्या. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते असं.

खरं कारण आत्ता मोरीपाशी उभं राहून नळ उघडून-मिटून बघत होतं. तिचे बाबा. चौदा नंबरचे ड्रायव्हर, आज साप्ताहिक सुट्टीवर.

बाबा साधे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण डेपोत दीडशे कंडक्टर होते आणि त्या सगळ्यांना ही पोरगी ठाऊक होती. शाळेत असल्यापासून ती कुठल्या थांब्यावर कुणाशी बोलत उभी होती, ही बातमी तिच्या आधी घरी पोचायची. "आज तुमची मुलगी वेफर्स खात होती." वाईट कुणाच्या मनात नव्हतं. सगळे काकाच. त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. आता ती सव्वीस वर्षांची होती. आपण काय करतो ते काही दिवस तरी कुणी बघू नये, एवढंच तिचं मागणं होतं. आणि या खिडकीखालून बाबांच्या रोज सहा फेऱ्या.

"बसचा आवाज येईल," ती म्हणाली.

"थांबून निघताना येतो तेवढाच," बाबा म्हणाले.

घरमालकीण शिवणकाम करायची. गळ्यात टेप तशीच होती. "चार वाजता आणखी एकजण येणारेत बघायला," ती म्हणाली. "घाई करत नाही, आपलं सांगून ठेवते." आणि ती खाली आपल्या मशीनवर गेली.

बाबांनी नळ बंद केला. रुमालाला हात पुसले.

"घेऊन टाक ही खोली. एक तारखेपासून मी चौदावर नाही. एकतीस मागून घेतलाय."

ती बघतच राहिली. एकतीस म्हणजे भर बाजारातून जाणारा मार्ग. हातगाड्या, उलट्या बाजूने घुसणाऱ्या स्कूटर आणि अकरा गतिरोधक. डेपोत मार्ग सीनियॉरिटीने निवडायचे असतात आणि एकतीस नेहमी नवख्याच्या गळ्यात पडतो. बावीस वर्षं नोकरी झालेल्या, कंबर दुखणाऱ्या माणसाने तो मागून घ्यायचा म्हणजे आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा.

"कंडक्टर लोकांशीही बोललोय," बाबा म्हणाले. "पोरगी दिसली तरी दिसली नाही असं समजायचं."

"पण चौदा तुम्हाला आवडतो ना? तो रुंद रस्ता, ती झाडं..."

"झाडांचं काय घेऊन बसलीस. तुला अॅडमिशन मिळाली त्या वर्षी मागितला होता तो. साडेआठच्या सुमाराला तू गेटातून आत जाताना दिसायचीस. कधी समोरून, कधी आरशात. चार वर्षं बघितलं. पुरे की आता."

गाडीच्या टायरबद्दल बोलावं तसं ते बोलले. लेकीला स्वतःचाच राग आला. महिनाभर ती लोकांच्या मिशांना नावं ठेवत होती आणि या माणसाला तिने पहिली खोली नाकारली तेव्हाच सगळं समजलं होतं. रागाच्या मागोमाग तिला बरं वाटलं, खूप बरं वाटलं. ती जिन्यापाशी गेली आणि खाली वाकून म्हणाली, "मावशी, चार वाजताच्यांना नाही म्हणून कळवा. खोली मी घेतली."

मग ती बाबांकडे वळली.

"आणि तुम्ही उद्याच्या उद्या तो अर्ज मागे घ्यायचा. मी रोज आठ वाजून दहाच्या बसने जाणार. ती तुम्हीच चालवायची."

बाबांनी रुमालाची घडी घातली. ती नीट झाली नाही म्हणून पुन्हा घातली.

"मी समोरच बघून चालवीन," ते म्हणाले. "पण थांब्यावर नजर जातेच बाई, कामच आहे ते. तुझ्यासोबत कुणी असलं तर?"

लेक खिडकीशी जाऊन थांब्याकडे बघू लागली.

"मग दार जरा जास्त वेळ उघडं ठेवा," ती म्हणाली. "तो नेहमी पळतच येतो."