फितीखालून पलीकडे

‘‘आत्या स्वतः तिथे होत्या का?’’ ग्रंथपालबाईंनी विचारलं.

शिलाईवाल्या मावशींनी गळ्यातली टेप उगाच सारखी केली. बासष्ट वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, आणि त्यांनीही कोणाला विचारला नव्हता.

‘‘नव्हती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती तेव्हा सासरी होती, दोन दिवसांच्या वाटेवर. पण आत्या खोटं कशाला बोलेल?’’

‘‘खोटं नाही म्हणत मी. ऐकीव म्हणतेय.’’

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी दुपारी बाईंचा वर्ग भरायचा. कानावर आलेलं खरं की खोटं हे कसं ताडायचं, जुने कागद कसे धुंडाळायचे, ते त्या शिकवायच्या. मावशींना तिथे सुनेनं धाडलं होतं. महिन्यापूर्वी फोनवर आलेला एक निरोप वाचून मावशींनी गल्लीभर सांगितलं होतं, की तीन दिवस पाणी येणार नाही. लोकांनी पातेली, टब, फुलदाण्यासुद्धा भरून ठेवल्या. निरोप भलत्याच शहराचा निघाला, तोही चार वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून गिऱ्हाइकं माप देता देता हळूच विचारायची, ‘‘मावशी, आज पाणी आहे ना?’’

आज वर्गाला काम दिलं होतं. ज्यानं त्यानं आपल्या जन्माच्या दिवशीचं वर्तमानपत्र शोधायचं. निवृत्त पोस्टमन आपल्या दिवसाची चपलांची जाहिरात मोठ्यानं वाचून दाखवत होता. मावशी मात्र हाताची घडी घालून बसल्या होत्या. तो दिवस त्यांना बघायचाच नव्हता, आणि का नाही ते त्यांनी बाईंना नुकतंच सांगितलं होतं.

नदीवरचा मोठा पूल खुला झाला त्या दिवशी त्या जन्मल्या. घर पलीकडच्या तीरावर. वडील त्याच पुलावर मजूर. मुलगी झाल्याचा निरोप गेला, पण बाप समारंभातच रमला, घराकडे फिरकलासुद्धा नाही, असं आत्या सांगायची. आईवडील दोघंही मावशी लहान असतानाच गेले. वाढवलं आत्यानं. दुसरं काही सांगणारं कोणी उरलंच नाही. मावशींनी ते कधी उगाळलं नाही. फक्त बस त्या पुलावर चढली की त्या मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधत राहायच्या.

‘‘आत्यांना हे कोणी सांगितलं, ते आता कळायचं नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण त्या दिवशी तिथे हजर असलेल्या माणसानं काय लिहून ठेवलं, ते बघता येईल. बघायचं का?’’

मावशींनी पर्समधून चष्मा काढला.

पूल कधी खुला झाला, ते सूचीत सापडलं. जुनी वर्तमानपत्रं खंडांत बांधून ठेवलेली; बाईंनी खंडाचा नंबर सांगितला नाही. मावशींनीच तो शोधला, कपाट धुंडाळलं, खंड दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणला. मोठ्या दैनिकाच्या पहिल्या पानावर फोटो होता. मंत्री, कात्री, बँड. खाली मंत्र्यांचं भाषण, अडीच कॉलम. मजुरांविषयी अर्धी ओळही नव्हती.

‘‘झालं,’’ म्हणून मावशींनी खंड मिटला.

‘‘एका कागदावर थांबायचं नसतं. हे वर्तमानपत्र अलीकडच्या शहरातलं. पलीकडच्या तीरावर कोणी काही छापत नव्हतं का?’’

छापत होतं. चार पानी साप्ताहिक, बारीक ठसा, कडा कुरतडलेल्या. मावशी ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या. तिसऱ्या पानावर, तळाला, त्यांचं बोट थांबलं. पोस्टमनही वाचायचा थांबला.

‘‘मोठ्यानं वाचू का?’’ मावशींनी विचारलं, आणि कोणी हो म्हणायच्या आत वाचायला लागल्या.

‘‘मंत्रिमहोदय कात्री हाती घेत असतानाच बांधकामावरील एक मजूर फितीखालून वाकून पुलावर शिरला व पलीकडे धावत सुटला. शिपायांनी हटकले असता ‘मला मुलगी झाली आहे’ एवढेच ओरडून तो न थांबता पुढे गेला. अशा रीतीने नव्या पुलावरून पहिल्याने पलीकडे जाण्याचा मान त्यासच मिळाला. मजुराचे नाव समजू शकले नाही.’’

मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तीच ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे वाहायला लागले, ते त्यांनी टेपच्या टोकानं पुसले.

‘‘शिपायांनाही बधला नाही बघा,’’ त्या पोस्टमनला म्हणाल्या.

बाई पानावर वाकल्या. ‘‘मावशी, मी आता वाईट ठरेन, पण विचारावं लागतं. तो दुसराच कोणी मजूर नसेल कशावरून?’’

‘‘पलीकडे तेव्हा मजुरांची सातच घरं होती, बाई. सात घरांत एका दिवशी दोन मुली? तुम्हीच तपासा.’’

बाईंनी वाद घातला नाही. खंडात काही चुकलं किंवा राहिलं असेल, तर त्या पानाला चिठ्ठी जोडायची वाचनालयाची पद्धत होती. त्यांनी कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल मावशींपुढे ठेवली. मावशींनी कापडावर खडूनं रेघ ओढावी तसं जपून, एकेक अक्षर ठसठशीत काढत वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं.

‘‘आणि हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं असं उद्या कोणी विचारलं, तर काय सांगू?’’ बाई म्हणाल्या.

‘‘सांगा, तो जिच्यासाठी धावला, तिनं सांगितलं.’’