खुंटाला बांधलेली पिशवी

सरकारी माणसं राईच्या खाडीतून पाण्याच्या दोन बाटल्या भरून गेली. त्यानंतर संपदा आली, तेव्हा गोदूबाईने तिला बसायलाही सांगितलं नाही.

पाणी आज स्वच्छ होतं. सहा महिने कारखान्याचं सांडपाणी नाल्यातून खाडीत उतरत होतं. कोळंबीला औषधाचा वास मारायचा, बाजारात गिऱ्हाईक टोपलीवर वाकून तसंच पुढे जायचं. आणि तपासणीच्या नेमके चार दिवस आधी नाला थांबला. तपासणीची तारीख, सरकारी साहेब सोडले तर, गावाबाहेर फक्त संपदाला ठाऊक होती. ती सिल्व्हर पार्क सोसायटीत राहायची, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तीन आठवड्यांपूर्वी तिने गोदूबाईच्या नवऱ्याकडून, जानूकडून, खाडीतल्या खुंटाला एक पिशवी बांधून घेतली होती.

"तुझ्या पिशवीनंच पानी साफ केलं," गोदूबाई म्हणाली. "पुरावा पुसायला कारखानेवाल्यांनीच धाडलं व्हतं तुला."

एवढ्याशा पिशवीने खाडी साफ होत नाही, संपदा म्हणाली. नाला थांबला आणि भरती-ओहोटीने पाणी धुऊन नेलं. जानूने सोडून आणलेली पिशवी तिने अंगणात उघडली. आत पांढरे दाणे होते. साखरेपासून केलेली, डोळ्यांना न दिसणारी कडी एकमेकांत गुंफून ते बनवले होते, म्हणून पाण्यात विरघळत नव्हते. कड्याच्या पोकळीत रसायन शिरून बसतं, ती सांगत होती, पाणी निघून गेलं तरी ते तिथेच राहतं. स्पिरिट ओतलं की बाहेर येतं.

दाणे गोदूबाईने स्वतः काढले, पिशवीच्या तळातून. वाटीत स्पिरिट पडलं आणि हळूहळू पिवळं झालं.

"रंग तुझ्या स्पिरिटातच असंल."

संपदाने दुसऱ्या वाटीत कोरे दाणे घेतले, त्यावर तेच स्पिरिट ओतलं. ते तसंच राहिलं, नितळ.

दोन्ही वाट्या उन्हात ठेवून तिघं थांबली. स्पिरिट उडून गेलं. पहिल्या वाटीत पिवळा डाग उरला. गोदूबाईने नाक जवळ नेलं आणि वाटी जानूकडे दिली. तोच औषधाचा वास आला नि त्याने तोंड फिरवलं.

प्रयोगशाळेतून लेखी अहवाल आणते, असं म्हणत संपदा पिशवी बांधू लागली. गोदूबाईने ती तिच्या हातातून काढून घेतली, निम्मे दाणे फडक्यात ओतले आणि वर घट्ट गाठ मारली.

"अजून विश्वास नाही माझ्यावर, मावशी?"

"मघाचे साहेबबी गोडच बोलत व्हते," गोदूबाई म्हणाली. "हे निम्मे हितं ऱ्हातील."